छातीतलं पांढरं

झुंबरबाई आज किटली घेऊन आली नव्हती. पदराखाली मांजर घेऊन आली होती.

गडमुडशिंगीच्या दूध डेअरीत सकाळी सातला मोकळ्या हातानं येणारं माणूस भांडायलाच आलेलं असतं. म्हणून मशीनवर दुधाचं फॅट मोजणाऱ्या आकारामनं आधीच तोंड वाकडं केलं. पण झुंबरबाई रांग मोडून आत घुसली आणि कोपऱ्यात चहा पीत बसलेल्या डॉक्टर प्रीतीसमोर तिनं मांजर ठेवलं.

"मॅडम, तुमी म्हशीच्या डॉक्टर हायसा, ठावं हाय मला. पर हिला बघा."

मांजरीचं नाव भुरी. ती पोटावर दबून बसली होती. कोपरं बाहेर, मान ताणलेली, तोंड उघडं. जीभ बाहेर काढून धापा टाकत होती, उन्हातून आलेलं कुत्रं टाकतं तशा.

"कधीपासून?"

"काल दुपारधरनं. उन्हाचं आसंल म्हटलं. म्हशीवर मारतो तसं पाणी मारलं अंगावर. सांजच्याला चमच्यानं वाईच दूध पाजलं."

"मावशी, कुत्रं धापा टाकतं ते अंगातली उष्णता काढायला. मांजराचं तसं नसतं. पळालं, घाबरलं, तापलं तर दोन-चार मिनिटं टाकेल आणि तोंड मिटेल. बसल्या जागी असं तोंड उघडून बसलं की डॉक्टरकडं आणायला थांबायचं नाही." डॉक्टरनं भुरीची जीभ बघितली. जांभळट पडली होती. मग छातीला स्टेथोस्कोप लावला, वर, खाली, पुन्हा खाली. "खाली काहीच ऐकू येत नाही. छातीत पाणी भरलंय. फुप्फुसाला फुगायला जागा नाही राहिली."

"कोल्हापुरात न्यायची?" आकारामनं गाडीची किल्ली काढलीसुद्धा.

"वाटेतच जाईल. आधी इथं पाणी काढते, मग न्या. पण सुई लावतानाही जाऊ शकते, मावशी. आधीच सांगते."

 झुंबरबाईनं भुरीला दोन्ही हातांनी धरलं. "लावा," ती म्हणाली.

नमुन्याच्या बाटल्या सरकवून टेबल मोकळं केलं. डॉक्टरनं बरगडीवरचे केस कातरले, स्पिरिट लावलं आणि दोन बरगड्यांच्या मधून बारीक सुई आत सरकवली. सिरिंजचा दट्ट्या हळूहळू मागं ओढला.

सिरिंजमध्ये पांढरं आलं. दाट, पांढरंफेक.

"आगं बया! दूधच की गं!" दारात गर्दी करून उभ्या बायकांतली शेवंताबाई ओरडली. आता ह्या बायकांचा सगळा जन्म दूध बघण्यात गेलेला. त्यांना कोण फसवणार?

झुंबरबाईनं एक हात कपाळावर मारून घेतला. "म्याच मारली की वो! म्याच पाजलं चमच्यानं, त्येच छातीत गेलं हिच्या..." ती मोठ्यानं रडायला लागली.

"हात सोडू नका!" डॉक्टर खेकसली. "तुम्ही पाजलंत चमचाभर. हे किती निघतंय बघा."

दुसरी सिरिंज. तिसरी. स्टीलचा पेला भरत चालला. डॉक्टर हातातलं काम न थांबवता बोलत राहिली. "हे प्यालेलं दूध नव्हे. खाल्ल्यातली चरबी पोटातून उचलून रक्तात नेणारी एक नळी असते. सुतासारखी बारीक, छातीतून वर जाते. तिच्यातून गळलंय हे. अशी नळी तुम्हालाबी आहे, मलाबी आहे."

"मग फॅट लागत आसंल की ह्येला?" आकाराम बोलून गेला आणि त्याचा तोच ओशाळला. वीस वर्षं मशीनवर बसून माणसाला दुसरं सुचणार तरी काय!

पण कुणी हसलं नाही. डॉक्टरनं वर बघितलं. "लागतं. लॅबमध्ये हेच तपासतात. ह्यात फॅट किती आहे."

आकारामचा हात आपल्याच छातीवर गेला. "म्हंजे आत डेअरीच हाय की वो सगळ्यांच्या," तो हळूच म्हणाला.

सातवी सिरिंज निघाली आणि भुरीनं तोंड मिटलं.

एवढंच झालं. जीभ आत गेली, तोंड मिटलं, नाकपुड्या हलायला लागल्या. मांजराचं मिटलेलं तोंड काय कुणी आयुष्यात बघितलं नव्हतं? पण सगळी रांग डोळे फाडून बघत राहिली. शेवंताबाईनं तर हात जोडले.

"परत भरंल?" झुंबरबाईनं विचारलं.

"भरेल. परवापर्यंतसुद्धा भरेल. कशानं गळतंय ते शोधायला आजच कोल्हापूरला न्या. आणि ती निवांत झोपली की पोट किती वेळा खालीवर होतंय ते मोजत जा. मिनिटाला तिसाच्या आत असलं तर बरं. चाळिसाच्या वर गेलं तर एक घटका थांबायचं नाही."

"आत्ताच बघू की," म्हणत आकारामनं मशीन बंद केलं, पंखा बंद केला आणि मोबाईल हातात घेतला. "एक मिनिट कुणी हलायचं न्हाय!"

सकाळी सातला ज्या डेअरीत स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही, तिथं टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. किटल्या खाली ठेवल्या गेल्या. बाया-बाप्ये श्वास रोखून एका करड्या पोटाकडं बघत होते. ते वर येत होतं, खाली जात होतं.

"चौतीस," आकाराम म्हणाला. "चाळिसाच्या आत हाय."

सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. झुंबरबाईनं तेवढं भुरीवरून नजर हलवली नाही. तिचे ओठ अजून पुटपुटत होते.

"पस्तीस," ती म्हणाली. "एक खाल्लास तू. परत मोज."