खुणेचा प्रश्न

"एकच प्रश्न विचारायचा," अधिकारी हळू आवाजात म्हणाला. "उत्तर फक्त त्यांनाच देता येईल असा. ते जिवंत आहेत याची खूण पटल्याशिवाय पैशांचं बोलायचं नाही."

फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. त्याच्या वायरी खिडकीखालच्या यंत्रापर्यंत गेल्या होत्या आणि घरातली माणसं त्या ओलांडून ये-जा करत होती. बायको मात्र फोनसमोरून हलत नव्हती. नवऱ्याला छापखान्यातून घरी येताना उचलून नेलं, तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

सासूबाई आतल्या खोलीत अंथरुणाला खिळल्या होत्या. सगळी धावपळ धाकटा दीर करत होता. नातेवाइकांना दारातून परत पाठवायचं, पोलिसांना चहा द्यायचा, आईला चार घास भरवायचे. "वहिनी, तुम्ही काळजी करू नका, दादाला मी आणतो," हे त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की शेजारीपाजारी त्याचे गोडवे गाऊ लागले होते. भाऊ असावा तर असा, म्हणत होते.

"सिनेमात तर फोन आला रे आला की जागा सापडते," दीर म्हणाला.

"सिनेमा दोन तासांत संपवायचा असतो," अधिकारी म्हणाला. खात्यात त्याला 'बर्फ' म्हणत. ओलिसांच्या सुटकेची बोलणी करण्यात त्याची उभी हयात गेली होती, आणि त्याचं डोकं तापलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

पलीकडचा माणूसही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. छापखाना गहाण टाकायचं घरच्यांनी स्वयंपाकघरात बसून ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी तो फोनवर म्हणाला, "छापखाना गहाण टाकताय ना, मग रडगाणं कशाला?" ते ऐकून अधिकाऱ्याने भुवया उंचावल्या होत्या. "अंदाजाने बोलतात हो हे लोक," दीर म्हणाला होता. "छापखान्याशिवाय आहे काय आमच्याकडे?" ते खरंही होतं.

फोन वाजला. अधिकाऱ्याने सगळ्यांना हाताने गप्प केलं आणि स्पीकर लावला.

"पैसे तयार आहेत?" घोगरा आवाज आला.

"आधी खूण," अधिकारी म्हणाला आणि त्याने बायकोकडे पाहिलं.

ती पुढे वाकली. "त्यांना विचारा, आपल्या गाडीचा मागचा दिवा कशाला धडकून फुटला होता?"

"विचारून सांगतो," आवाज म्हणाला. फोन बंद झाला.

अधिकाऱ्याला प्रश्न फारसा रुचला नाही. लोक बहुधा नवराबायकोच्या एकांतातलं काहीतरी विचारतात. "ताई, हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"भाऊजींना आहे. घरातलंच माणूस."

"मीच तर गाडी दुरुस्त करून आणली," दीर म्हणाला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा हसला. "दादा हसून हसून बेजार झाला होता. हो ना वहिनी?"

तिने मान हलवली.

"घरातलं माणूस चालेल," अधिकारी म्हणाला. "त्यांच्या ताब्यात तेवढे एकच आहेत."

थोड्या वेळाने आईच्या गोळ्या संपल्याचं दिराच्या लक्षात आलं आणि तो खाली दुकानात गेला. बायकोने हात जोडले, डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. अधिकाऱ्याने अशा बायका पुष्कळ पाहिल्या होत्या, तरी त्याला बघवेना. तो उगाच वायरी नीट करत बसला.

दीर परत आला, आईला गोळी देऊन टेबलाशी येऊन उभा राहिला. मग फोन वाजला.

"वॉचमनच्या खुर्चीला," घोगरा आवाज म्हणाला. "आता पैशांचं बोला." आणि फोन आपटला.

अधिकाऱ्याने बायकोकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

दिराला हुंदका फुटला. तो आतल्या खोलीत धावला. "आई, दादा जिवंत आहे!" सासूबाईंचं रडणं आणि हसणं एकदमच ऐकू आलं. बर्फानेही चष्मा काढून पुसला. बायकोचा चेहरा तेवढा पांढराफटक पडला होता.

"ताई, चांगली बातमी आहे ही," अधिकारी म्हणाला.

"गाडी मी शिकत होते," ती म्हणाली. "वॉचमन नेमका चहाला उठला होता म्हणून वाचला. भाऊजींनी त्याच दुपारी नवा दिवा बसवून आणला. मग माझ्या मागे लागले, दादाला सांगितलंत का, दादाला सांगितलंत का. शेवटी एकदा म्हटलं, सांगितलं बाई, खूप हसले."

"मग?"

"कधीच सांगितलं नाही. मला धीरच झाला नाही."

दीर आतून येता येता दारातच थबकला. गोळ्यांची पुडी त्याच्या हातात तशीच होती. अधिकाऱ्याने बाहेरच्या दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहिलं, आणि शिपायाने दाराला कडी घातली.

"अगं, कधी आणताय माझ्या लेकाला?" सासूबाई आतून विचारत होत्या.

"ह्यांना विचारलं असतं, तर हे म्हणाले असते, दिवा कधी फुटला?" बायको म्हणाली. "मी चुकीचं उत्तर यावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते."