छतावरचं विमान

"जॅकेट वर ठेव, हाताशी. उतरल्या उतरल्या थंडी असते म्हणे." आई पुन्हा बॅग उघडायला बसली, तसा किरतनं तिचा हात धरला.

"राहू दे ना, बीजी. मोठ्या मुश्किलीनं बंद झालीय."

अंगणात पंखा आणून ठेवला होता, तरी सगळे घामानं निथळत होते. गव्हाची कापणी नुकतीच उरकली होती. पंजाबातल्या फगवाड्याजवळच्या त्या गावातून आणखी एक मुलगी कॅनडाला शिकायला निघाली होती आणि तिला निरोप द्यायला अर्धं गाव लोटलं होतं.

फक्त एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती. किरतच्या आईलाही नव्हती. किरतला व्हिसा मिळालाच नव्हता.

चूक तिच्या बापाची. एजंट फोनवर म्हणाला, "झालंच समजा," आणि बलकार सिंगनं समजून टाकलं. लाडू वाटले. गुरुद्वाऱ्यात नवसाचं खेळण्यातलं विमान चढवलं. एवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही, छतावर विमानाच्या आकाराची पाण्याची टाकीही बांधून घेतली. त्या भागात पोर परदेशी गेलं की घरावर अशी टाकी चढते. लोक आधी पोर पाठवतात, मग टाकी बांधतात. बलकारनं उलटं केलं. नकार आला तेव्हा विमानाच्या पंखांना रंग लावणं चाललं होतं.

त्या दुपारी गोठ्यात बापानं डोक्यावरची पगडी काढून लेकीपुढे ठेवली. "पुत्तर, एवढी लाज राख. दिल्लीत राहा, पुन्हा अर्ज करू. तोवर कुणाला कळायला नको. कळलं तर मी या गावात तोंड कसं दाखवू?" त्याचं उघडं डोकं किरतला बघवेना. ती हो म्हणाली.

"काय मेमसाब, झाली का तयारी?" शेजारची मोहिंदर चाची आत आली. तिची पवनीत गेल्या साली कॅनडाला गेली, तेव्हापासून चाचीचे पाय जमिनीला लागत नव्हते. तिनं आधी छताकडे बघून घेतलं. "वीरजी, तुमच्या विमानाचं शेपूट जरा आखूडच झालंय. आमच्या पवनीतचं बघा, कसं भरदार आहे."

"पाणी दोन्हीत ट्यूबवेलचंच आहे, भाभी," बलकार म्हणाला. लोक हसले. तो हसला नाही.

चाचीनं किरतच्या हातात स्टीलचा डबा ठेवला. "पिन्नीचे लाडू आहेत, साजूक तुपातले. पवनीतला नेऊन दे."

किरतनं डबा मागे सरकवला. "चाची, ती कुठे, मी कुठे..."

"एकाच देशात ना? मग! थांब, तिलाच विचारते."

फोनवर पवनीत दिसली. अंगात जाड लाल जॅकेट, डोक्यावर लोकरीची टोपी, कपाळ घामानं चमकलेलं.

"बाई गं, किती घाम तो!" चाची म्हणाली.

"हीटर फार लावतात इकडे, मम्मी."

"अगं, आपली किरत येतेय! तिच्याकडे डबा देतेय तुझा."

पवनीतचा चेहरा पडला. "तिच्याकडे कशाला? नको देऊस. मी फार लांब राहते. आणि तिला सांग, मला भेटायला येण्याच्या भानगडीत पडू नको. इथे कुणाला वेळ नसतो." आणि फोन बंद झाला.

एका सायकलवर दोघी शाळेत जायच्या, एका डब्यात जेवायच्या. किरतला फार लागलं ते. पण मनात कुठेतरी हायसंही वाटलं.

चाची ओशाळली. "मान चढलीय कार्टीची! तू ने गं. आईच्या हातचं बघितलं की नाही कशी म्हणेल?"

डबा परत करायला किरतला कारण सुचेना.

मामेमंडळी टेम्पो करून विमानतळावर यायला निघाली होती. बलकारनं हात जोडून सगळ्यांना थांबवलं. आईनं शकुनाचं तेल उंबऱ्यावर ओतलं, लेकीला दही-साखर भरवली. "पोचलीस की आधी तोंड दाखव फोनवर," ती म्हणाली. किरतला हुंदका आवरेना. बायका म्हणाल्या, रडू दे, माहेर सुटतंय.

गाडीत बापलेक दोघंच होते. कर्नाल मागे पडल्यावर बलकारनं विचारलं, "त्या डब्याचं काय करायचं?"

"फेकून द्या."

"आईनं लेकीसाठी वळलेल्या पिन्नी कशा फेकायच्या?"

"मग काय करू, पापाजी? चाची उद्या विचारेल, पवनीत परवा सांगेल मिळाला नाही म्हणून. सगळं बिंग फुटेल!" तिचा आवाज चिरकला. "आणि पुढच्या खेपेलाही व्हिसा नाही मिळाला तर? जन्मभर जॅकेट घालून बसू?"

बलकारनं पगडीच्या शेवानं डोळे पुसले.

पत्ता एजंटनंच दिला होता. दिल्लीतल्या एका अरुंद गल्लीतलं घर. 'व्हिसा नाकारलेल्या पोरी मी तिथेच ठेवतो, कुणी काही विचारत नाही,' असं त्यानं सांगितलं होतं. ते पोचले तेव्हा ऊन अजून उतरलं नव्हतं. बलकार खाली घरमालकिणीशी बोलत थांबला. "वर कोपऱ्यातली खोली. एक मुलगी आहे आधीची," मालकीण म्हणाली.

किरत डबा घेऊन जिना चढली. कोपऱ्यातल्या खोलीचं दार उघडंच होतं. आत पंखा पूर्ण वेगानं फिरत होता. एक मुलगी दाराकडे पाठ करून, ओल्या फडक्यानं मान पुसत बसली होती.

भिंतीवरच्या खिळ्याला जाड लाल जॅकेट अडकवलेलं होतं.

चाहूल लागली तशी ती मुलगी वळली. आधी तिनं किरतकडे बघितलं, मग तिच्या हातातल्या डब्याकडे.

"मम्मीला म्हटलं होतं मी," पवनीत म्हणाली, "हिच्याकडे देऊ नको."