ओळख नसताना

देवळाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि बाईंनी तो तसाच मागे घेतला.

"किती असतील हो?" वर बघत त्यांनी विचारलं.

"शंभराच्या वर आहेत," मास्तर म्हणाले. "आणि डॉक्टर पाचसुद्धा नको म्हणालेत. चल, त्या बाकावर बस."

परवा बाईंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. त्यासाठीच दोघं गावाहून या शहरात आली होती. दवाखान्यात दाखल व्हायला अजून एक दिवस होता. मास्तरांनी लॉजवर विश्रांती घ्यायचा हुकूम काढला, तो बाईंनी जागच्या जागी रद्द केला. "खोलीत पडून छताचे पोपडे बघत बसू की काय? सकाळी तुमची बाग, दुपारी माझं देऊळ. नेहमीसारखं."

नेहमीसारखं म्हणजे गेली अडतीस वर्षं चालत आलेलं. मास्तर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, बाई शाळेत शिवण. कुठल्याही गावाला गेली की दोघांचा हा तह ठरलेला. बागेत मास्तर झाडागणिक थांबायचे, त्याचं कूळ-मूळ सांगायचे आणि बाई दर वेळी नव्याने "हो का!" म्हणायच्या. देवळात बाई एकट्या जायच्या. मास्तर बाहेर, दारातून दिसतील असे, दोघांच्या चपला राखत उभे. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. "आमची ओळख नाही," एवढंच ते म्हणत. "ओळख नसताना कुणाच्या घरात कसं शिरायचं?"

आजची सकाळही तशीच गेली होती. वनस्पती उद्यानातल्या काचघरात एका ताडाखाली चुकीच्या नावाची पाटी होती. मास्तरांनी माळ्याला गाठून वीस मिनिटं समजावलं. माळ्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "साहेब, झाडाची काही तक्रार नाही." बाई इतक्या हसल्या की त्यांना धाप लागली. भिंतीला टेकून त्या बराच वेळ बसून राहिल्या. ओठ निळसर झाले होते. त्यानंतर फाटकापर्यंत दहा-बारा झाडं लागली. मास्तरांनी एकाचंही नाव सांगितलं नाही.

आता बाई बाकावर बसून वरच्या कळसाकडे बघत होत्या. हट्ट केला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

मास्तरांनी पायातल्या चपला काढल्या आणि त्यांच्यापुढे ठेवल्या.

"सांभाळ."

"अहो, निघालात कुठे?"

"वर. तुझ्या वतीने."

"तुमची तर ओळख नाही ना?"

"तुझं नाव सांगतो की," मास्तर म्हणाले आणि चढायला लागले.

गुडघे कुरकुरत होते. दर दहा पायऱ्यांनी कठड्याला धरून थांबत, काय बोलायचं ते मनात जुळवत होते. बाईंचं पूर्ण नाव. दवाखान्याचं नाव, मजला, ऑपरेशनचा वार, वेळ. उगाच घोटाळा नको. शेवटी एक वाक्य: हिला काही होऊ देऊ नका. हे वाक्य त्यांना मनातल्या मनातसुद्धा धड म्हणता येईना.

रांग सरकत सरकत गाभाऱ्यापाशी आली. मास्तर ताठ उभे राहिले. मागची एक तरुणी म्हणाली, "काका, हात जोडा की. मुलाखतीला आल्यासारखे काय उभे?"

त्यांनी हात जोडले. घसा साफ केला. आणि सुरुवात करण्याआधी, ती बसली आहे ना नीट, एवढंच बघावं म्हणून मागे वळले.

दारातून सरळ खालपर्यंत दिसत होतं. बाई बाकावर नव्हत्या. बाकाशेजारी उभ्या होत्या. एका हातात मास्तरांच्या चपला, दुसरा हात कपाळावर आडवा धरलेला. एवढ्या माणसांतून त्या मास्तरांचं टक्कल शोधत होत्या. इकडून तिकडे मान वळत होती. अंगाने किती लहान झाली होती ती.

"पुढे चला, पुढे चला," पुजारी ओरडला. रांगेने मास्तरांना पलीकडच्या दाराने बाहेर काढलं.

खाली आल्यावर बाईंनी विचारलं, "सांगितलंत सगळं?"

"सगळं," मास्तर म्हणाले आणि वाकून चपला घालू लागले.

ऑपरेशनला पाच तास लागले. मास्तर बाहेरच्या खुर्चीवर पाचही तास त्या एका थापेला शिव्या घालत बसले. बोलून यायला काय झालं होतं? एवढ्या जवळ जाऊन!

पण बाई त्यातून सुखरूप बाहेर आल्या. चौथ्या दिवशी उशीला टेकून बसल्या. ओठांना रंग आला होता. मास्तर चमच्याने पेज भरवत होते.

"पहिल्यांदाच मागितलंत आणि लगेच मिळालं," बाई म्हणाल्या. "वशिला भारी आहे तुमचा."

मास्तरांनी चमचा वाटीत ठेवला.

"अगं, मी काही मागितलंच नाही."

"म्हणजे?"

"हात जोडले होते. सगळं पाठ करून गेलो होतो. तेवढ्यात मागे वळलो, तर तू दिसलीस. मग तुझ्याकडेच बघत राहिलो. रांग पुढे गेली." "तुला खोटं सांगितलं. रागावलीस?"

टाक्यांवर हात दाबून बाई आवाज न करता हसत होत्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पदराने टिपले.

"रागावू कशाला?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटलं, अडतीस वर्षं मी आत जाऊन काय करते?"