सातवं गाणं

"पयल्यापासून लाव," केशरबाई म्हणाली. "मधूनच नको."

चंदानं मोबाईल ज्वारीच्या पोत्यावर टेकवून ठेवला आणि पहिलं गाणं लावलं. दुपार कलली होती. चुलत दीर भुजंग मेंढरं घेऊन रानात गेला होता. घरात सासू-सून दोघीच.

दोन वर्षांपूर्वी राणीसावरगावच्या माळावर पुण्याची पंधरा-वीस पोरं सिनेमा करायला आली होती. नावाजलेलं त्यांच्यात कुणी नव्हतं. मेंढक्याच्या कामाला त्यांनी चंदाच्या नवऱ्यालाच, रामहरीला, उभं केलं. मेंढरांपुढं चालायचं आणि उन्हात बसलेल्या म्हातारीला एक हाक मारायची, एवढंच काम. पुढं गेल्या वैशाखात लिंबाखाली थांबलेल्या रामहरीवर वीज पडली. अकरा मेंढरं आणि तो, जागच्या जागी.

सिनेमा कुठं कुठं परदेशात दाखवला म्हणे. गंगाखेडला काही आला नाही, मोबाईलवरही नाही. दिवाळीनंतर आली ती नुसती त्यातली गाणी. परभणीला शिकणाऱ्या भाचीनं, दिपालीनं, ती चंदाच्या मोबाईलात घालून दिली. एकूण नऊ.

चित्र नाही, गोष्ट ठाऊक नाही. मग चंदानं ऐकता ऐकता मनातच एक सिनेमा रचला. पहिल्यात लांबून ढोल येई, तिला वाटे लग्न आहे. तिसऱ्यात नुसती बासरी, म्हणजे कोकरू चुकलं असणार. पाचव्यात तर गाणंच नव्हतं. वारा, मेंढरांच्या घंट्या आणि कुणाची तरी पावलं.

"लगीन कुटलं आलंय?" केशरबाई म्हणायची. "मानसं गाव सोडून चाललेत. ढोल बग कसा मागं मागं पडायलाय."

आणि मग सातवं. घंट्या थांबत, एकतारी सुरू होई आणि तिच्यावरून एक हाक येई, "ये माय, उनात कामून बसलीस? ये, सावलीला ये."

त्या हाकेला केशरबाई डोळे मिटून घ्यायची. रडायची मात्र नाही. भावकीतल्या बाया म्हणत, म्हातारीचं पाणी आटलं. लेक तोंडाचा फटकळ होता, पण मनाचा राजा होता, असं आता सगळेच म्हणत. चंदाही म्हणे.

उन्हाळा लागता लागता शुभदा आली. सिनेमातले आवाज तिनंच टिपले होते. रामहरी गेल्याचं तिला उशिरा कळलं होतं. सिनेमाचं मोठं चित्र चौकटीत घालून तिनं आणलं होतं. केशरबाईच्या पाया पडून ती निघाली, तशी चंदा तिला सोडायला गेली. मेंढरांच्या वाड्याजवळ थांबून चंदा म्हणाली, "ताई, तुमचे लय उपकार. सातव्यात त्यांचा आवाज हाय, तेवढाच आमच्याकडं ऱ्हायलाय."

शुभदाचा चेहरा पडला.

"चंदाताई, तो आवाज त्यांचा नाही. त्या दिवशी वारं फार होतं, त्यांचं काहीच नीट आलं नाही. नंतर पुण्यात एका नटाकडून ते वाक्य म्हणवून घेतलं. तुम्हाला माहीत असेल असं मला वाटलं."

चंदाला एकदोनदा शंका आली होती. पण जन्म दिलेली माय डोळे मिटून ऐकते म्हटल्यावर बायकोनं शंका तरी कशी घ्यायची?

"आत्याला सांगू नका," ती म्हणाली. "म्हातारी हाय खाईल."

त्या दिवसापासून गाणी लावताना चंदाचा हात जड होऊ लागला. परक्याची हाक आपण लेकाची म्हणून म्हातारीच्या कानात ओततोय, असं तिला वाटे. एकदा तिनं मोबाईल बिघडला म्हणून सांगितलं. त्या दिवशी केशरबाईनं भाकरीचा तुकडा मोडला नाही. दुसऱ्या दिवशी मोबाईल आपोआप दुरुस्त झाला.

वर्षश्राद्ध जवळ आलं. भुजंगच्या डोक्यात निघालं, की पान वाढायच्या वेळी फोटोसमोर सातवं गाणं मोठ्या आवाजात लावायचं. जिंतूरची सोयरी माणसं येणार होती, सगळ्यांनी रामहरीचा आवाज ऐकावा.

"त्याच्या फोटोम्होरं ते लावायचं न्हाई," केशरबाई म्हणाली.

"कामून? त्याचाच तर आवाज हाय."

केशरबाई उठून आत गेली. म्हातारीला सोसायचं नाही, असं सगळ्यांनी धरलं. पण भुजंग ऐकणारा नव्हता. झरीच्या दोस्ताकडून तो मोठा स्पीकर घेऊन आला.

आता चंदाला राहवेना. सबंध भावकीसमोर, नवऱ्याच्या फोटोपुढं, कुण्या नटाचा आवाज! श्राद्धाच्या आदल्या दिवशी केशरबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. चंदा तिच्यापुढं बसली आणि शुभदा जे म्हणाली ते सगळं सांगून मोकळी झाली. सांगता सांगता तिला रडू फुटलं.

"मला माफ करा, आत्या. तुमचा जीव त्याच्यात गुतलेला, म्हणून मी इतके दिस दडवून ठिवलं."

केशरबाईचे हात थांबले नाहीत.

"मला पयल्या दिशीच कळालं व्हतं."

चंदानं पदरानं डोळे पुसले. "मग रोज कामून ऐकता?"

"रामहरी कवा असा बोलला का, चंदे? 'थेरडे, मर की एकदाची' म्हनायचा. तू बी ऐकलंस, भुजंगानं बी ऐकलं. मेल्यावर समदे इसरले." केशरबाईनं मांडीवरची टरफलं झटकली. "ह्यो कुनाचा कोन हाय, मला ठाव न्हाई. पर माय म्हनून मला सावलीला बोलवनारं जलमात हे एकच लेकरू भेटलंय. त्याला त्या मेलेल्याच्या फोटोम्होरं कशाला उभं करायलात?"