सगळे बाहेर

"तुमचा आवाजच येत नाहीये," पडद्यावरच्या अधिकारी मॅडम तिसऱ्यांदा म्हणाल्या. "जरा मोठ्यानं बोला."

शिंपीणबाईंच्या थोरल्या मुलीनं मान डोलावली, घसा खाकरला आणि पुन्हा कुजबुजली.

तिचा तरी काय दोष! ती बसली होती वाचनालयात, आणि इथलं वळण तिला लहानपणापासून एकच: आत पाऊल टाकायचं तर आवाज छत्रीबरोबर दारात ठेवायचा. घरी शिलाई मशीनची खडखड आणि धाकट्यांची भांडणं. म्हणून ग्रंथपाल बाईंनी आपला लॅपटॉप तिला मासिकांच्या टेबलावर मांडून दिला होता. मुलाखत होती मदत केंद्राची. आग लागो, अपघात होवो, माणसं घाबरून फोन करतात आणि पलीकडून एक आवाज त्यांना धीर देतो, त्या आवाजाची नोकरी. वयाची अट यंदाच संपत होती. आज नाही तर कधीच नाही. आणि पोरगी बसली होती बिनआवाजाची!

"बाई, हे वाचनालय आहे की टेलिफोन कचेरी?" पेपरमागून निवृत्त मास्तरांनी चिमटा काढला.

"आज कचेरी," बाई हळूच म्हणाल्या. "परवा दवाखाना होता. तुमचं बीपी कुणी तपासलं?"

मास्तर पेपरात शिरले.

"एक प्रसंग देते," पडद्यावरून मॅडम म्हणाल्या. "एका इमारतीत धूर झालाय. माणसं घाबरून जागच्या जागी बसलीत. त्यांचा फोन स्पीकरवर आहे. त्यांना बाहेर काढा."

मुलीनं तोंड उघडलं. "तुम्ही... कृपया..." एवढंच, आणि तेही ओठांतल्या ओठांत.

मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं.

बाईंनी ते पाहिलं. कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेतानं त्या टेबलाला वळसा घालून मुलीच्या समोर आल्या. 'देवा, हिच्या कंठात येऊन बस रे बाबा,' असं पुटपुटल्या, आणि ज्या तोंडानं जन्मभर लोकांना गप्प केलं त्याच तोंडानं म्हणाल्या, "ओरड!"

"इथे?" मुलीचे डोळे विस्फारले.

"इथेच. मी सांगतेय ना! ओरड, बये!"

मुलीनं डोळे घट्ट मिटले. आणि मग तो आवाज आला. कुठून आला? घशातून नव्हे हो! इतकी वर्षं दारात ठेवलेला सगळाच्या सगळा एकदम धावत आत आला.

"ऐका! उठा सगळे! धूर आहे, खाली वाका! सामान तिथेच राहू द्या! दाराजवळचे आधी, रेटारेटी नको! पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवा! आजोबा, घाबरू नका, मी आहे तुमच्याबरोबर. चला, बाहेर! सगळे बाहेर!"

कपाटांच्या काचा थरथरल्या. पण मुलीला कुठली कपाटं आणि कुठलं काय! मिटल्या डोळ्यांपुढे तिला धूर दिसत होता, खोकणारी माणसं दिसत होती. एकेकाला तिनं नुसत्या शब्दानं दंडाला धरून उठवलं, भिंतीच्या कडेनं चालवलं, उजेडात आणून सोडलं. थांबली तेव्हा ती घामानं निथळत होती.

मॅडमच्या हातात पेन परत आलं होतं. "बरं. सगळे बाहेर आले, याची खात्री कशी कराल?"

मुलीनं डोळे उघडले.

वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. खुर्च्या मागे सरकलेल्या. मास्तरांचा चष्मा टेबलावर, पंख्याच्या वाऱ्यावर पेपर आपला आपणच पानं उलटतोय. बालविभागात एक चित्र अर्धं रंगवून तसंच पडलेलं. शिपाईमामांच्या कपातल्या चहातून अजून वाफ निघत होती. त्या खोलीत आजवर कधी कुणी ओरडलंच नव्हतं. तेव्हा कुणी ओरडतंय म्हणजे ते खरंच असणार, असं प्रत्येकाच्या पायांनीच ठरवून टाकलं होतं. अहो, 'ओरड' म्हणणाऱ्या बाईसुद्धा जागेवर नव्हत्या!

मुलीनं लॅपटॉप उचलला आणि उघड्या खिडकीकडे वळवला.

बाहेर फुटपाथवर वाचकांची रांग उभी होती. कंबरेत वाकलेली, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवलेली. लहान पोरांचे हात खांद्यापर्यंत पोचत नव्हते, त्यांनी सदरे धरले होते.

"आग कुठाय, बाई?" मास्तर डोळे बारीक करून विचारत होते.

"आग कसली! मुलाखत नाही का चाललीये तिची?"

"मग तुम्ही का पळालात?"

बाईंनी पदर सावरला. "ती 'सगळे' म्हणाली ना! मी काय सगळ्यांत नाही?"

पडद्यावर मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. मागे वळून त्यांनी हाक मारली, "अहो, इकडे या, हे बघा, हे बघा!" एका डोक्याची चार डोकी झाली. कुणीतरी टाळी वाजवली. मग मॅडम पुन्हा बसल्या, पडद्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, "रात्रपाळी चालेल?"

ते बाहेर ऐकू गेलं. बाईंनी झटकन ओठांवर बोट ठेवलं. मास्तर गप्प झाले, पोरं गप्प झाली. वळणावरून भोंगा वाजवत आलेल्या ट्रकवाल्यानं ते बोट पाहिलं आणि मुकाट्यानं इंजिनच बंद केलं. मुलगी उत्तर द्यायला श्वास घेईपर्यंत अख्खा रस्ता वाचायला बसल्यासारखा शांत झाला.