आक्काची सही

कोल्हापुरात मंगळवार पेठेतला वडिलांचा तळमजल्यावरचा फ्लॅट प्रतापने विकायला काढला. बघायला आलेलं जोडपं मागच्या मोठ्या बागेवर भाळलं.

"एवढी बाग कोणी राखली?"

"आम्हीच की!" वर्षातून एकदा पुण्याहून येणारा प्रताप बेधडक म्हणाला.

सोनचाफ्याला आळं करत बसलेल्या सुलोचनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वडील गेल्यापासून बारा वर्षं ती सासरहून रोज येऊन या झाडांना पाणी घालत होती. घर विकायचं, हेसुद्धा भावाने तिला विचारलं नव्हतं. ती चिखलाच्या हातांनीच उठली.

"मी ह्याची थोरली बहीण. घरात माझाही वाटा आहे, आणि मी सही देणार नाही."

जोडपं निघून गेलं.

"आक्का, परक्यांसमोर शोभा केलीस माझी!"

"शोभेचं मग बघू," ती कडाडली. "आधी माझ्या अळूवरचा पाय काढ."