पंच्याहत्तर लिटरची टाकी

चन्नबसप्पानं जुनी अमेरिकन मोटार घेतल्यापासून त्याचा चुलतभाऊ श्रीशैल मनातल्या मनात जळत होता.

"अशी गाडी अख्ख्या लातुरात दुसऱ्या कुणाकडं न्हाई," पेट्रोल पंपावर चन्नबसप्पा म्हणाला. "हिची टाकीच पंच्याहत्तर लिटरची हाय."

"गळत असंल की, अण्णा," श्रीशैल म्हणाला.

पंच्याहत्तर लिटर गेलं, पण टाकी भरेना. नव्वद झालं, शंभर झालं.

श्रीशैलला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. टाकी फुटली म्हणायची! तो वाकून गाडीखाली बघायला लागला.

जमीन कोरडी ठणठणीत होती.

उठायला गेला, तर पोट इतकं जड झालेलं की उठवेना.

"काय झालं रे, श्रीशैल?"

सांगायला त्यानं तोंड उघडलं, तर ओठांतून पेट्रोल ओघळलं.